अक्षरं कुठे गळत होती

ऑफिसात तिला सगळे घड्याळबाई म्हणत. कामच तसं होतं. कॉम्प्युटर आपल्या नादात असतो, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी बटण दाबतं. ही हाक, म्हणजे इंटरप्ट. ती आली की कर्नेलनं, म्हणजे यंत्राच्या आतल्या कारभाऱ्यानं, हातातलं काम टाकून ओ द्यायची. त्याला किती वेळ लागतो, हे ती मोजायची. "सरासरी नका सांगू मला," ती नवशिक्यांना दटावायची, "सगळ्यात जास्त उशीर कधी झाला, ते सांगा."

नवरा मुद्रितशोधक. लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल पेन चालवण्यात त्याची उमर गेली. मग मज्जातंतूंचा आजार जडला. आधी पाय गेले, मग हात, मग वाचा. राहिलं उजव्या हाताचं एक बोट. त्या बोटाखाली तिनं एक स्विच बसवला. पडद्यावर, तिनं लिहिलेल्या सूचनांच्या पाटीखाली, अक्षरं एकेक करून उजळत. हवं ते उजळलं की त्यानं दाबायचं. पहिल्याच दिवशी त्यानं लिहिलं, "तुझ्या पाटीवर शुद्धलेखनाची चूक आहे." ती हसता हसता रडली.

काही महिने बरे गेले. मग अक्षरं गळू लागली. एकदा "उशी नीट कर" लिहायला गेला, तर "उ" सुटला. त्यांच्याकडेच राहणारी नणंद भांडं घेऊन धावत आली. तिघंही पोट धरून हसली. तो फक्त डोळ्यांनी.

"यंत्र ओ द्यायला उशीर करतंय," ती म्हणाली. "बघतेच त्याच्याकडे."

तिनं ऑफिसातून ऑसिलोस्कोप, म्हणजे तारेतली हालचाल रेघांनी दाखवणारं यंत्र, मागून आणला आणि पलंगाशेजारी मांडला. एक तार स्विचला, दुसरी कर्नेलच्या उत्तराला. त्याच्या पडद्यावरच्या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे उशीर. बोट दमू नये म्हणून ती स्वतःच स्विच दाबून बघायची. आणि चोर सापडला! डिस्कवर काही लिहिताना कर्नेल कान बंद करून बसायचा. तिनं ते दुरुस्त केलं, पुन्हा मोजलं. सगळ्यात जास्त उशीरसुद्धा आता पापणी लवायच्या आत संपत होता. कित्येक दिवसांनी तिनं जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

अक्षरं गळतच राहिली.

शेवटी एका दुपारी ती म्हणाली, "आता तू दाब. मी नुसती बघते."

त्याचं बोट हललं. तिला ते स्पष्ट दिसलं. पण पहिली रेघ उठलीच नाही. त्यानं पुन्हा दाबलं. तरीही नाही. बोटाचा जोर कमी पडत होता, स्विच दाबलाच जात नव्हता; हाक यंत्रापर्यंत पोचतच नव्हती. ज्याला ती इतके दिवस धारेवर धरत होती, तो कर्नेल बिचारा निर्दोष होता.

ती तारा काढू लागली.

"तुला माहीत होतं?"

उत्तराला बराच वेळ लागला. अक्षरं सुटत, तो पुन्हा वाट बघे. नणंद दारात खांबासारखी उभी होती. शेवटी पडद्यावर उमटलं, "हो. तू शोधत होतीस. बरी दिसत होतीस."

तिनं त्याच्या छातीवर डोकं टेकलं. त्याला तिच्या केसांवरून हात फिरवता आला नाही; नणंदेनं येऊन त्याचा हात उचलून तिथे ठेवला.

मग स्विच गालाशी आला, नंतर भुवईपाशी. थंडी सरायच्या आत तो गेला.

यंत्र घरात ठेवणं नणंदेला बघवेना. दवाखान्यात ओळख झालेल्या एका शिक्षिकेला त्याच आजारानं गाठलं होतं. तिला ते द्यायचं ठरलं. घड्याळबाई स्वतः बसवायला गेली. शिक्षिकेच्या बोटात अजून जोर होता. तिनं दाबलं, अक्षर लगेच उमटलं. पुढचं, त्याच्या पुढचं. एकही सुटलं नाही.

"छान चालतंय हो," शिक्षिकेचा मुलगा म्हणाला.

"चालणारच," ती म्हणाली. मग पिशवी तिथेच विसरून जिना उतरू लागली.