सहा भोपळे

पोशीर गावच्या वर्गातले किस्से भाताच्या तुसासारखे आहेत. एक झटकावा, तर दुसरा अंगाला चिकटलेलाच!

विलायतेत मानसशास्त्र शिकून, बुद्धिमापनाची पेटी घेऊन मी परत आले. बुद्धीने मागे पडलेल्या मुलामुलींचा वर्ग देवळाच्या ओसरीवर भरवला. पहिल्याच दिवशी एकोणीस वर्षांच्या पांडूपुढे ठोकळे ठेवले, घड्याळ लावलं आणि भरभर रचायला सांगितलं. त्याने कीव आल्यासारखं पाहिलं. "बाई, गाडी चुकतेय काय तुमची?"

*

चांगुणा सोळाची, आईविना वाढलेली. तिचा बाप राघो एक छापील फॉर्म घेऊन आला. पोरीला मुंबईच्या आश्रमात ठेवावं, असा त्याच्या भावाचा हट्ट होता. मी एवढंच लिहायचं: स्वतःचं पाहू शकते की नाही. तेही शनिवारपर्यंत. "तुमी लिवाल तेच खरं," राघो म्हणाला. तेव्हापासून मला एका जागी बसवेना.

*

चाचणीत विचारलं, घर पेटलं तर काय करशील?

"म्हशी सोडीन."

पुस्तकातलं उत्तर वेगळं होतं. शून्य.

आज वार कोणता?

"उद्या बाजार."

वाराचं नाव नाही. शून्य. ठोकळे मोजायला दिले, तर तीनाच्या पुढे गप्प. पुढच्या तिन्ही प्रश्नांनाही तेच.

*

राघोने निकाल विचारला. "सहा प्रश्न, सहा भोपळे," मी हळूच म्हटलं. त्याने मान खाली घातली. दाराशी उभ्या चांगुणाचा चेहरा मात्र खुलला!

*

शनिवारी सकाळपर्यंत मी तीनदा 'नाही' लिहायला टाक बुडवला आणि तीनदा अंगणात फेऱ्या मारून आले. दार वाजलं. चांगुणा रिकामं पोतं घेऊन उभी, मागे फॉर्मसाठी आलेला राघो.

"बाई, माझे भोपळे दे. सहा."

मी परसातला वेल दाखवला. तिने एकेक भोपळा नखाने टोचून, वाजवून पाहिला. पाच तोडले. सहाव्यापाशी थांबली.

"ह्यो कवळा हाय. पिकू दे. पुढच्या बाजाराला येते."

मी आत गेले, फॉर्मवर 'शकते' लिहून सही केली आणि राघोला वाचून दाखवलं. त्याने तो दोन्ही हातांत धरला. चांगुणाने वाकून पाहिलं.

"माझा भोपळा लिवलास?"

"नाही गं."

"मंग लिव. इसरशील."