आम्ही अडवलेली बोय माशांची वाट

अन्याय झाला तो अंड्यांच्या गाभोळीने पोट भरलेल्या बोय माशांवर. कधी? गेल्या पौषातल्या अमावास्येला, दुपारी सव्वा वाजता, भरती उतरायला लागली तेव्हा. कुठे? वडाळ्याला मिठागराच्या बाजूला, बांधामागच्या तळ्यात. आणि केला कुणी? आम्हीच. पत्रकं वाटणाऱ्यांनी.

या बांधात एक उघाडी आहे, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर करण्यासाठी ठेवलेलं तोंड. भरतीला त्यातून पाण्यासोबत कचरा आत यायचा. पिशव्या, थर्माकोल, गणपतीनंतरचं मखर. मी पत्रक लिहिलं: ‘उघाडीला बारीक जाळी लावा!’ लालबागला, दादरला, गिरगावात टेबलं टाकून आम्ही सह्या घेतल्या. आणि काय आश्चर्य, जाळी लागली. आमची मान्य झालेली ही पहिली मागणी. आम्ही पेढे वाटले.

पेढा मामालाही दिला. मामा घोडपदेवला राहतो. गिरणी बंद पडल्यापासून त्या तळ्यात पाग टाकतो, म्हणजे हाताने फेकायचं जाळं. त्याने पेढा खाल्ला नाही. म्हणाला, “अवसेक माझ्यावांगडा चल. मगे पेढो खातंय.”

गेले. पाणी उतरायला लागलं आणि बोय उघाडीकडे निघाले. हातभर लांब, रुपेरी, पाठ चिखलाच्या रंगाची. जाळीवर येऊन थडकले. मागे फिरले, परत आले. मग उड्या मारायला लागले. बोय पागावरून सहज उडी मारून जातो, पण इथे वर सिमेंटचा स्लॅब होता. डोकं आपटायचं, पाण्यात पडायचे, परत उडी.

“हे असं का करतायत?”

“पोटात गाभोळी आसा त्येंच्या. अंडी घालूक भायर दर्यात जावक व्हयां. ह्या तळ्यात घालणत नाय ते. पत्रकां लिवतंस मां गो तू? मगे ह्या कसा ठावक नाय?”

नव्हतं ठाऊक. बोयाची पिल्लं समुद्रातून खाडीत येतात, चिखलावरची हिरवट साय खरवडून खातात, हे मामाने सांगितलं. सोबत वाळूही गिळतात, म्हणून त्यांच्या पोटात कोंबडीच्या पेट्यासारखी जाड पिशवी असते. मोठे झाले की बाहेर जातात. नाही जाता आलं तर गाभोळी पोटातच जिरते. आणि बाहेरून येणारी पिल्लं? जाळीच्या खाडीकडच्या अंगाला प्लास्टिक गच्च बसलं होतं. त्यातून बोटभर पिल्लूही आत शिरलं नसतं.

मामाने त्या दिवशी पाग खांद्यावरून उतरवलाच नाही. “अडकलेल्यार पाग टाकूचो नसता,” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी, जिथे सह्या दिल्या होत्या, त्या कचेरीत गेले. खिडकीतले साहेब हसले. “मॅडम, मागणी तुमचीच होती ना? हा बघा सह्यांचा गठ्ठा. आता एकटीच्या अर्जावर जाळी काढू? ज्यांनी सह्या केल्या त्यांनाच लिहून द्यायला सांगा.”

आमच्या गटात सांगितलं, तर मैत्रीण उसळली. “वेडी आहेस का तू? पहिल्यांदा कुणीतरी ऐकलंय आपलं. आता चुकलो म्हणालो तर पुढचं पत्रक कोण हातात घेईल?”

तिचं चूक नव्हतं. म्हणून महिनाभर मीही गप्प बसले. त्या महिन्यात किती गाभोळ्या जिरल्या, मला माहीत नाही.

आता बस्स. प्लास्टिक अडवायला दुसरा उपाय काढू, उघाडीवर पाळीपाळीने उभं राहून हाताने वेचू. पण आधी ती वाट मोकळी झाली पाहिजे. टेबलाशी थांबून तुम्ही सही केली होती. घाईत केली असेल, न वाचता केली असेल, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. कागद घ्या. स्वतःच्या हाताने लिहा: ‘जाळी लावा म्हणून मी सही केली होती. ती मागे घेत आहे. जाळी काढा.’ खाली नाव, पत्ता. येत्या अमावास्येच्या आत कचेरीतल्या त्या खिडकीवर नेऊन द्या, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.