मोठ्या जावयांचा पाक

देवाने माझे साडू घडवले ते केवळ माझा जळफळाट व्हावा म्हणून, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माणूस देखणा असता, पैसेवाला असता, तर मी समजून घेतलं असतं. हे गृहस्थ ठेंगणे, टकले, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये साधी नोकरी करणारे, आणि बारा महिने डोक्यावर तीच ती जांभळी लोकरी टोपी. तरीही नॉटिंगहॅमच्या ट्रामच्या आमच्या टोकापासून त्यांच्या टोकापर्यंत कुणीही ओळखीचं भेटलं, की पहिला प्रश्न, "काय म्हणतात तुमचे साडू?" मी काय म्हणतो हे विचारायचं कुणाला सुचत नाही. आणि एवढ्या लोकप्रियतेचं मूळ काय, तर पाइनच्या झाडाला येणारी बोंडं! आपण नाताळात सोनेरी रंग फासून दाराला टांगतो ना, तीच. हे त्यांचा पाक करतात.

मे महिना संपत आला, की साडू सांगलीच्या कुठल्याशा साडीच्या दुकानाची कापडी पिशवी खांद्याला लावून निघतात. बोंडं तेव्हा हिरवी, कोवळी असतात. प्रत्येक बोंडाला ते अंगठ्याचं नख लावून बघतात. नख रुतलं तर बोंड पिशवीत, नाही तर झाडाची माफी मागून पुढे. एका झाडाची चारदोनच घ्यायची, हा त्यांचा नियम. कुत्री फिरवायला आलेली माणसं थांबून चौकशी करतात आणि साडू त्यांना पाक कसा करायचा ते पहिल्यापासून सांगतात. मग घरी बरणीत एक थर बोंडांचा, एक थर साखरेचा, आणि बरण्या मागच्या काचेच्या खोलीत उन्हाला. साखर विरघळते, बोंडं रस सोडतात. रोज सकाळी झाकण सैल करून आतली हवा जाऊ द्यायची, बरणी हलवायची आणि तिच्याशी दोन शब्द बोलायचे. "काय मंडळी, झोप लागली का?" असं त्यांनी बरणीला विचारलेलं मी या कानांनी ऐकलंय. महिन्याभराने मंद आचेवर आटवून, पंच्यातून गाळून काकवीच्या रंगाचा पाक तयार होतो. त्याची तार बघायचं काम माझ्या मेहुणीचं होतं. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून साडू स्वतःच दोन बोटांत पाक धरतात आणि बराच वेळ तसेच उभे राहतात.

हा पाक ते कशावर घालत नाहीत ते विचारा! थालीपिठावर, दह्यावर, आंबोळीवर, खोकला झाला तर कोमट पाण्यात, एवढंच काय, आमटीत गुळाऐवजी. मी म्हटलं, "अहो, आमटीला ख्रिसमस ट्रीचा वास येतोय." तर शांतपणे म्हणाले, "मग नाताळला परत या." सगळे हसले. माझ्या विनोदावर कुणी हसत नाही. रविवारी मी खपून पॅनकेक केले, तर इथेच जन्मलेली माझी लेक म्हणाली, "बाबा, काकाची सिरप इज द बेस्ट. तुझी पॅनकेक पण ओके होता." व्याकरण सोडा, माया कुणीकडे आहे ते बघा.

शेवटी गेल्या वर्षी मीही ठरवलं, आपणही पाक करायचा. बोंडं आणली, साखर घातली, आणि आमच्या घरच्या लोणच्याच्या रीतीप्रमाणे बरणीचं झाकण गच्च आवळून, वर फडक्याचा दादरा बांधून ठेवून दिली. लोणच्याची बरणी सारखी उघडायची नाही, हे मी आईच्या हातचा मार खाऊन शिकलोय. आठवडाभराने दुपारच्या जेवणाला ती बरणी फुटली. स्वयंपाकघराच्या छताला एक बोंड अजून चिकटलेलं आहे. छत पुसायला साडूच खोबरेल तेल घेऊन आले, कारण तो चीक तेलानेच निघतो म्हणे, आणि स्टुलावर उभे राहून म्हणाले, "वास मात्र चांगला जमलाय हो." असल्या माणसाचं काय करायचं!

या सगळ्यावर कडी झाली ती सासूबाई आल्यावर. गुडघ्यांमुळे ही इंग्लंडची वारी बहुधा शेवटची, असं त्यांनीच सांगितलं होतं. मी मनात ठरवलं, या वेळी त्यांच्या तोंडून एकदा तरी ऐकायचंच, की जावई असावा तर असा. उतरल्या आमच्याकडेच. मी विजेवर तापणारं पांघरूण आणलं, व्हीलचेअर भाड्याने घेऊन बर्मिंगहॅम दाखवलं. तिथल्या भाजीबाजारात कोवळी गवार बघून त्या हरखल्या आणि म्हणाल्या, "मोठ्या जावयांना आवडते हो गवार." त्यांना खोकला झाला, तेव्हा केमिस्टकडची सगळ्यांत महागडी बाटली मी दोन दिवस पाजली. तिसऱ्या दिवशी साडूंनी पाक आणला. चौथ्या दिवशी खोकला थांबला आणि श्रेय कुणाला मिळालं ते सांगायला नकोच. "मोठ्यांच्या हाताला गुण आहे," सासूबाई म्हणाल्या. माझं औषध नेमकं तेव्हाच लागू पडत होतं, हे मी बायकोला पटवायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "अरे, किती जळशील?"

यंदा मे-जूनमध्ये अधिक महिना आला. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला पाटावर बसवून अनारशांचं वाण द्यायचं असतं. सासूबाईंनी अनारशांचं पीठ सांगलीहून बॅगेत आणलं होतं. पहिला अनारसा तुपात हसला, धुराने अलार्म कोकलला, पण पुढचे झकास जमले. पाट मांडले, निरांजन तयार झालं, आणि साडूंचा पत्ता नाही. फोन उचलेनात. मी सुचवलं, "आमचं उरकून घेऊ या का?" सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. "मोठे आल्याशिवाय नाही," म्हणाल्या. मी ट्राम पकडली.

साडू काचेच्या खोलीत बरण्यांसमोर बसले होते. डोक्यावर टोपी, अंगात इस्त्रीचा सदरा, म्हणजे निघायची तयारी झाली होती. मला बघून त्यांनी पाकाची बाटली पुढे केली. "एवढी आईंना द्या. मी येत नाही."

"का?"

"वाण लेक-जावयाला देतात, साडूभाऊ. लेकच नाही, तर मी जावई कसला? शेजारचा रिकामा पाट आईंनी कशाला बघायचा?"

खरं सांगतो, क्षणभर मला गुदगुल्या झाल्या. बाटली घ्यायची, परत जायचं, आणि मी त्या घरातला एकुलता एक जावई! बाटली हातात घेतलीसुद्धा. मग त्या टोपीकडे बघता बघता मला एकदम संताप आला.

"जावई नाही म्हणता?" मी ओरडलोच. "मग इतकी वर्षं मी जळतोय तो कुणावर? परक्या माणसावर? उठा, चला!"

साडू बघतच राहिले. "माझ्यावर जळता? तुम्ही?"

"तुमच्यावर, पाकावर, ह्या टोपीवरसुद्धा!"

"कमाल आहे," ते हळूच म्हणाले. "आई दर वेळी तुमच्याकडे उतरतात, म्हणून मी तुमच्यावर जळतो." आणि मेहुणी गेल्यापासून पहिल्यांदा ते मोठ्याने हसले. हसता हसता डोळे पुसले आणि उठले.

आम्ही पोचलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, पाट तीनच मांडलेले होते, आणि मधला साडूंचा होता. माझ्या बायकोला आणि मला दोन बाजू. बसताना साडूंनी टोपी काढली. सासूबाईंनी पहिलं वाण त्यांना दिलं. मग बाटली उघडून पाकाचा थेंब दोन बोटांत धरला, तार बघितली, आणि म्हणाल्या, "तिचीच तार आहे ही. मी शिकवली होती तिला."

या महिन्यात जावई म्हणजे देव, त्याने सासूच्या पाया पडायचं नसतं. तरी आम्ही दोघंही वाकलो. आधी साडू, मग मी. "मोठ्यांना घेऊन आलात हो," असं म्हणून सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला तो चांगला बराच वेळ. साडूंच्या पाठीवर तो किती वेळ होता, ते मात्र मला सांगता येणार नाही. मुद्दाम लक्ष ठेवायचं ठरवलं होतं, पण नेमकं तेव्हाच डोळ्यांत पाणी आलं आणि काही म्हणता काही दिसेना.