माल्टाच्या यादीत राहिलेली गोष्ट

मंडळी, पुढच्या महिन्यात आम्ही दोघं माल्टाला चाललोय. भूमध्य समुद्रातलं एवढंसं बेट. पंधरा दिवस मी यादी करतेय: तिथल्या जाड पिनांचा प्लग, बसचं कार्ड, खडकांवर चालायला चपला.

आज सकाळी बोअरची मोटर बंद पडली म्हणून मालेगावचे रफिकचाचा दुरुस्तीला आले. बोलता बोलता मी त्यांना माल्टाचं सांगितलं. वायर सोलायची थांबवून ते म्हणाले, "बेटी, चारी बाजूनं समुद्र हाये, मंग थे लोकं प्यायले पानी कुठून आनतेत?"

इतके व्हिडिओ पाहिले, पण हे मनातच आलं नव्हतं.

तिथंच बसून शोधलं. बारमाही नदी एकही नाही. जुन्या घरांखाली पावसाच्या पाण्याच्या टाक्या. नळाला येणारं बरंचसं पाणी समुद्राचंच, मशीनमधून मीठ काढलेलं.

मी वाचत होते आणि चाचा पाना हातात धरून ऐकत होते. मोटर सुरू करून निघताना म्हणाले, "मंग तिथं नळ सोडून दात नको घासत बसू. पाहुण्यानं घरच्यायचं पानी पाहूनच वापराव."

यादीत ते सगळ्यात वर लिहिलं.

हॉटेल मात्र मी बाथटबचा फोटो पाहून निवडलंय, हे चाचांना सांगितलं नाही. तुम्ही सांगितलं असतं?