उशिरा हसणारा माणूस

सरांचा मला आजही राग येतो. माझ्या चित्रांवर लाल पेन्सिलने फुल्या मारल्या, त्याचं एक वेळ सोडून देईन. पण लूमच्या कारखान्यात जन्मात पाऊल न टाकता मारल्या, ते कसं सोडू?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेच्या कला महाविद्यालयात मी शेवटच्या वर्षाची फिल्म करत होतो. एका सेकंदाला बारा चित्रं, सगळी हाताने, खाली ट्यूबलाइट असलेल्या काचेवर कागद ठेवून. गोष्ट साधी होती. दिवसभर लूमच्या खडखडाटात राबलेला कामगार घरी येतो आणि मुलगी त्याला पास झाल्याचं सांगते. कामगार म्हणजे माझे वडील, आमचे आप्पाच. डिंडोलीच्या आमच्या खोलीत तीन महिने मी त्यांना रेखाटत होतो. ते कसे वाकतात, मान कशी वळवतात, हसू ओठांवर कसं येतं, सगळं वह्यांत होतं.

सरांना दोन गोष्टी खटकल्या. मुलगी बोलत असताना बाप तिच्या डोळ्यांत न बघता तोंडाकडे बघतो, आणि ती बोलून झाल्यावर जरा थांबून हसतो. नजर डोळ्यांत आण म्हणाले, आणि मधली सहा चित्रं काढून टाक, पात्र मठ्ठ वाटतं. मठ्ठ! मी म्हणालो, माणूस असाच आहे, मी बघून काढलाय. तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आ माणस बहेरो छे?"

वर्ग खो खो हसला. माझं डोकं फिरलं. वह्या आणून यांच्या टेबलावर आपटतो, असं ठरवून मी तडक घरी निघालो.

आप्पांची सुट्टी होती. दारात उकिडवे बसून, गल्लीकडे पाठ करून, ते सायकलची चेन चढवत होते. मी मागून हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा ओरडलो, तेव्हा समोरच्या दोन बायका बाहेर आल्या. आप्पा चेनशीच झटत होते. माझी सावली हातावर पडली तसे ते वळले, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि जरा थांबून हसले.

"का रे, जेवना का?"

मी आत गेलो. आई तांदूळ निवडत होती. आप्पांना ऐकू येत नाही का, असं मी तिला रागानेच विचारलं, जणू तिनेच काही लपवलं होतं. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"तू त रोज त्यासना चित्रं काढस," ती म्हणाली. "तुले आते समजनं?"

मला भयंकर राग आला. आणि या वेळी तो काढायला समोर सर नव्हते.