जावयाने आखलेली रेघ

माझी गिटार गुणगुणायची. वाजवली नाही तरी गुणगुणायची, ही तिची खोड. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारांखाली पिकअप नावाची एक पट्टी असते. आत लोहचुंबक, त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. तारांची थरथर पकडायची आणि स्पीकरकडे पाठवायची, एवढंच तिचं काम. माझ्या गिटारीतली पट्टी एका वेटोळ्याची, म्हणजे हलक्या कानाची. तारांसोबत मांडवातल्या ट्यूबलाइटचं, हॅलोजनचं, जनरेटरचं, सगळ्यांचंच ती ऐकून घ्यायची आणि सगळ्यांचंच पुढे सांगायची. आमच्या ऑफिसातही असे एक साहेब आहेत.

मी अमरावतीत सरकारी खात्यात कारकून आहे आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या गाण्याच्या पार्टीत गिटार वाजवतो. मागच्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमाची सुपारी आली ती थेट अकोल्याची, बायकोच्या माहेरच्या वस्तीतली. विहारासमोर मांडव, अख्खं सासर पहिल्या रांगेत, मधोमध सासरे पांढऱ्या शर्टात. दोन गाण्यांच्या मधे गायक भावुक होऊन काही सांगायचा आणि मागून माझी गिटार 'घूंऽऽ' करत बसायची. कार्यक्रम संपल्यावर मी सासऱ्यांना विचारलं, कसं झालं? ते म्हणाले, "चांगलं झालं."

हे 'चांगलं' मी लग्नापासून नऊ वर्षं ऐकत आलो होतो. आमच्याकडे ग्रहताऱ्यांना कोणी मानत नाही, पत्रिका आमच्या दोन्ही घरांत कोणी पाहिलेली नाही. पण जावई नावाचा दहावा ग्रह मात्र सासऱ्यांच्या घरात पक्का ठाण मांडून आहे. त्याला खुर्ची द्यायची, त्याचं ताट उचलायचं, तो बोलेल त्याला हो म्हणायचं. पहिल्या दिवाळीला मी भिडेखातर पातोडीच्या भाजीचं कौतुक केलं. तेव्हापासून गेल्याबरोबर पातोडी. मला पातोडी आवडत नाही, हे या घरात आता सांगणं म्हणजे घटस्फोटाचा अर्ज देण्यासारखं आहे.

लोकांना हे सुख वाटेल. मला हळूहळू त्याचा त्रास व्हायला लागला होता. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. सासरे आपल्या पोरांना मनसोक्त झापायचे, शेजाऱ्याच्या पोरांनाही सोडायचे नाहीत. मीच तेवढा खुर्चीवर. त्यांच्या दारात कोणी चुकलं की त्याला बोलणी बसायची आणि मला चहा मिळायचा. कधीतरी या माणसाने आपल्यालाही चार शब्द सुनवावेत, असं मला फार वाटायचं. हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग मी कायले आहे?"

तर मी गिटारीसाठी दोन वेटोळ्यांचा पिकअप मागवला. त्यातलं एक वेटोळं उलट्या दिशेने गुंडाळलेलं असतं, त्यामुळे दोघांची गुणगुण एकमेकांना मारते आणि सूर तेवढा उरतो. नवराबायकोत असं झालं तर किती बरं. पण हा पिकअप रुंदीला जुन्याच्या दुप्पट. गिटारीच्या लाकडात मोठा खळगा कोरल्याशिवाय तो बसेना. मी आठ दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि मला सगळं समजलं. फक्त करता काही येत नव्हतं. शेवटी बायकोच म्हणाली, "बाबा काय मेले काय? त्यायच्याकडे घेऊन जा ना."

सासरे सुतार. आयटीआयमधून शिकलेले, उभी हयात त्यांनी दारं, खिडक्या, कपाटं केली. अर्ध्या वस्तीचे दरवाजे त्यांच्या हातचे आहेत. तेव्हा एका रविवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून आम्ही गिटारीसह निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत बायको मला बजावत होती, की बाबांना शिकवायला जाऊ नका. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. व्हिडिओ मी पाहिले होते, तिने नाही.

अंगणात कडुलिंबाखाली सासऱ्यांचं कामाचं टेबल. त्याच्याशेजारी माझी खुर्ची, टॉवेल अंथरलेली. मी गिटारीच्या तारा काढल्या, जुना पिकअप काढला आणि नवा काढून दाखवला. त्याच्यासोबत प्लास्टिकची एक काळी चौकट येते. पिकअप तिच्यात टांगायचा आणि चौकट चार स्क्रूंनी लाकडावर बसवायची. मी ती चौकट गिटारीवर ठेवली, भोवतीने पेन्सिल फिरवली आणि म्हणालो, "हे एवढं कोराचं."

सासऱ्यांनी रेघ पाहिली. चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला.

"या रेघेवरूनच ना?"

"हो."

"बाहीरच्याच?"

"हो, हो."

मग चौकट उचलून त्यांनी तिच्या कोपऱ्यातली चार भोकं बोटाने चाचपली. "हे स्क्रू कोठी जातीन मंग?"

"लाकडात," मी म्हणालो. मनात म्हटलं, बिचाऱ्यांना हे नवीन आहे, समजायला वेळ लागणारच. त्यांनी एक सुस्कारा टाकला. "तुमी म्हनता तं बरोबरच असन."

लाकूड कोरायचं मशीन सुरू झालं. भुसा उडाला. मग पटाशी घेऊन त्यांनी कोपरे साफ केले, आणि ते काम पाहत राहावं असंच होतं. चारही कोपरे काटकोनात, तळ हाताला गुळगुळीत, मी मारलेल्या रेघेच्या ना केसभर आत ना बाहेर. मी मोठ्या ऐटीत उठलो, पिकअप चौकटीत अडकवला आणि चौकट खळग्यावर ठेवली.

ती थांबलीच नाही. सरळ आत उतरली आणि तळाला जाऊन बसली.

झालं होतं असं, की स्क्रू ज्या लाकडात जायचे ते लाकूड मीच काढून टाकायला सांगितलं होतं. रेघ चौकटीच्या आतून मारायची असते. हे कोणत्याही माणसाला कळेल. खळगा चौकटीएवढाच केल्यावर चौकट टेकणार कशावर? मी खळग्यात पाहत होतो आणि सासरे कडुलिंबात. गिटार तर गेलीच, पण त्याहून मोठी पंचाईत म्हणजे आता बोलायचं काय. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते आठवलं की अजून कान गरम होतात. मी म्हणालो, "छान झालं."

"खरंच, चांगलं बसलं," सासरे म्हणाले.

बायको दारात उभी राहून सगळं पाहत होती. ती आधी हसली, आणि मग इतकी चिडली की गल्लीतले दोघंतिघं फाटकापाशी आले. "काय चांगलं? त्याचं मढं बसलं त्या खड्ड्यात! बाबा, तुमाले समजून नव्हतं राहिलं काय?"

"समजत व्हतं."

"केव्हापासून?"

"रेघ मारली तवापासून."

"मंग बोलले कावून नाही?"

सासरे इतक्या साधेपणाने म्हणाले, की मला राग येईना. "जवायाले कोन बोलन माय?"

 एका गिटारीच्या खड्ड्यापायी हे बोलावं याची लाज वाटत होती, पण बोललो. मी म्हणालो, "बाबा, माझं घर चुकीचं बांधल्या जाऊन राहिलं असतं, तरी तुमी चांगलंच म्हनलं असतं काय? मले बी बोलत जा ना. मले बोलाले आता कोनी राहिलं नाही."

ते पाठ फिरवून आत गेले. सासूबाई माझ्याकडे असं पाहू लागल्या, जसं काही मी भर अंगणात रडायलाच बसलो होतो. तसं थोडंफार तेच होतं.

ते परत आले तेव्हा हातात सागवानाचा एक जुना तुकडा होता. त्याच्या दोन पट्ट्या कापून त्यांनी खळग्याच्या दोन्ही कडांना लावून पाहिल्या. मग मान वर न करता म्हणाले, "उठा त्या खुर्चीवरून. हे धरा." मी धरलं. "असं नाही. अंगठा काढा तिथून, कापल्या जाईन. जोर लावा ना! ऑफिसात फाइल बी अशीच धरता काय?" गोंद लावला, शिकंजा आवळला, आणि आवळता आवळता त्यांच्या तोंडाचा नळ सुटला तो सुटलाच. रेघ मारणाऱ्याने आधी विचार करावा. मोबाइलमध्ये पाहून सुतारकी येत असती तर ते आयटीआयला कशाला गेले असते? तारा काढताना मी गिटारीला ओरखडा पाडला, तोही त्यांनी तेव्हाच पाहिला होता.

"अन् मागच्या जयंतीले," ते म्हणाले, "पेटीवाला थांबला नाही तं तुमी सुरू. दुसऱ्याच गान्यात. तिसऱ्यात बी. गिटार घोंघावते थे ठीक आहे, थे मशीनचं काम. पन मानसानं ऐकाले पाह्यजे ना? मले मांडवातून उठून सांगावंसं वाटे."

वर्षभर त्यांनी हे पोटात ठेवलं होतं. आणि ते खरं होतं. मी घाई करतो, हे पार्टीतल्या कोणी मला कधी सांगितलं नव्हतं.

गोंद वाळायला वेळ हवा होता, म्हणून आम्ही राहिलो. मी सोमवारची रजा टाकली. सकाळी उठल्यावर त्यांनी पट्ट्या रंध्याने सपाट केल्या, मला परत रेघ मारायला लावली, ती पुसून दुसऱ्यांदा मारायला लावली, आणि मग कापलं. चौकट बसली. चारही स्क्रू सागवानात घट्ट धरले. मी वायरी जोडल्या, शेजारून स्पीकर आणला, ट्यूबलाइट मुद्दाम लावली. गिटार गप्प होती. तार छेडली तेवढी बोलली, आणि थांबवल्यावर थांबली. सासूबाई टाळ्या वाजवत बाहेर आल्या. त्यांना वाटलं, गाणं झालं.

टेबलाखाली, अंगणात, सगळीकडे भुसाच भुसा होता. सासूबाई सवयीने खराट्याकडे वळल्या, तर सासरे म्हणाले, "थांब. थे त्याले झाडू दे."

सासूबाई जागच्या जागी थिजल्या. "अहो, जवाई आहेत थे!"

"असू दे. पसारा त्यानंच केला." मग माझ्याकडे वळून, "कोपऱ्यातलं बी काढ. वरवरचं नको झाडू."

मी खराटा घेतला. टेबलाखालचं झाडलं, कोपऱ्यातलं झाडलं, कडुलिंबाखालचं झाडलं, आणि मग भुसा नव्हता तिथेही झाडत गेलो, पार फाटकापर्यंत. मला कोणी थांबवलं नाही.