लेकीचं रडणं

माझा धंदा रडण्याचा आहे आणि मी रडले की लोकांनी हसायचं असतं. टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात मी एक बाई करते. ती मयताच्या घरी दारावर, म्हणजे भेटायला, जाते, उंबऱ्यातूनच गळा काढते आणि ऐन रडण्यात एकदम कोरड्या आवाजात विचारते, दूध झाकलं का, मांजर फिरतंय. मग पुन्हा गळा. एवढंच आहे ते. एवढ्यावर मला सिनेमे मिळाले. सिनेमात मी हिरोची मावशी असते, नाहीतर घरमालकीण, नाहीतर साखरपुड्यात चक्कर येऊन पडणारी बाई. एका दिग्दर्शकाने गंभीर भूमिका देतो म्हणून बोलावलं होतं. वाचून पाहिलं, तर त्यातही शेवटी मी चिखलात पडत होते.

मी मूळची साक्रीकडची. लग्न होऊन जळगावात पिंप्राळ्याला आले. नवरा डाळमिलमध्ये कामाला. तेव्हा धुळ्याचं एक टोळकं अहिराणीत विनोदी व्हिडिओ बनवायचं. शूटिंग कुणाच्या शेतात, नाहीतर कुणाच्या ओट्यावर. त्यांना सासू करायला बाई मिळेना, पुरुषच लुगडं नेसून सासू व्हायचे आणि बसताना पाय फाकवायचे. माझ्या भावाच्या ओळखीत हे टोळकं होतं, म्हणून मला विचारलं. नवरा म्हणाला, घरात करतेस तेच बाहेर जाऊन कर, मला तेवढाच आराम. त्याला वाटलं मी चिडेन. मी दुसऱ्याच दिवशी धुळ्याची बस धरली.

रडणं मी कुणाकडून शिकले नाही. आमच्याकडे मयताला बाई मुकाट जात नाही. गल्लीच्या तोंडाशी आली की तिथूनच ती गळा काढते. त्या रडण्याला चाल असते, शब्द असतात. आधी गेलेल्याला हाक, मग त्याची एखादी आठवण, मग तक्रार, की मला टाकून गेलास कसा. घरातल्या बायका आतून तसाच जबाब देतात. लहानपणी मी ओट्यावर बसून हे सगळं बघायची. आत्ता गळ्यात पडून रडणाऱ्या बाया जरा वेळाने कापसाला भाव काय मिळाला ते विचारत आणि पुन्हा कुणी नवीन आलं की पुन्हा डोळ्यांना धार लागे. शहरातल्या लोकांना हे नाटक वाटतं. मला कधी वाटलं नाही. रडणंही खरं होतं आणि कापूसही. मी कार्यक्रमात फक्त त्या दोन्हींमधलं अंतर कमी केलं.

हे रडणं पक्कं झालं ते पुढे टोळक्याबरोबर नवरात्राच्या मंडळांपुढे कार्यक्रम करताना. समोर माणसं बसली की एक गोष्ट अंगात भिनते, ती म्हणजे हशासाठी थांबणं. हशा आला की तोंड आहे तसंच धरून ठेवायचं. हशा उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. घाई केली तर वाक्य बुडतं, उशीर केला तर लोक खुर्च्या सरकवायला लागतात. मी आता भाजीवालीशी बोलतानाही मधे थांबते. ती बिचारी हसत नाही, भाव कमी होत नाही.

लोकांना मात्र मी भेटले की रडायलाच हवं असतं. लग्नात नवरदेवाची आत्या म्हणते, ताई, जरा रडून दाखवा ना. बसस्टँडवर मोबाइल निघतात. दातांच्या डॉक्टरने तर माझं तोंड उघडं असतानाच फर्माइश केली. आई माझं काम भावाच्या मोबाइलवर बघायची आणि पदर तोंडात कोंबून हसायची. गल्लीतल्या बायकांना बोलावून दाखवायची. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मागच्या हिवाळ्यात आई गेली. सकाळी भावाचा फोन आला. दुसऱ्या दिवशी मुंबईत शूटिंग होतं, म्हणून बॅग भरून तयार होती. तीच उचलली आणि नवऱ्याने शेजाऱ्यांची गाडी मागून आणली.

आमच्याकडे लेक पोहोचल्याशिवाय आईला उचलत नाहीत. आणि लेकीने गल्लीच्या तोंडापासून गळा काढत यायचं असतं. सगळी गल्ली त्या रडण्याची वाट बघत असते. पारोळा गेलं, धुळं गेलं, माझ्या डोक्यात दुसरं काही येईना. मी रडले आणि कुणी हसलं तर? आईच्या दारात, आई समोर असताना? आणि नाही रडले, तर लोक म्हणणार, ही जगाच्या दारावर रडून आली आणि मायच्या दारात हिचं तोंड शिवलं गेलं. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, येईल तसं रड. त्याला काय जातं सांगायला. धुळ्याच्या पुढे मी गाडीत एकदा आवाज काढून पाहिला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही, म्हणून मला कळलं की आवाज कसा निघाला होता.

गल्लीच्या तोंडाशी उतरले. बायका ओट्याओट्यांवर उभ्या होत्या. मी तोंड मिटून चालत गेले. दारात काकू गळ्यात पडली, तिने गळा काढला आणि माझ्या जबाबासाठी थांबली. मी जबाब दिला नाही. तिने पुन्हा आईचं नाव घेतलं, पुन्हा थांबली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी आत जाऊन आईजवळ बसले. भाऊ वाकून कानाशी म्हणाला, "अक्का, रड ना. बठ्ठा वाट दखी ऱ्हायनात."

सगळे वाट बघत होते, ते मलाही दिसत होतं. मग मी सुरू केलं. आईला हाक मारली आणि आवाज निघाला तो टीव्हीवरचाच. तीच चाल, तोच शेवटचा लांब सूर. माझ्याकडे दुसरा नव्हताच. होता तो मी सगळा वापरून टाकला होता. दाराशी कुणीतरी पोरगी फिसकन हसली. तिने तोंडावर हात दाबला, तशी तिच्या शेजारची हसली. मागे एक मोबाइल वर आलेला मला दिसला.

आणि मी थांबले. तोंड आहे तसंच धरून, हसणं उतरायची वाट बघत.

आपण काय करतोय हे मला एका क्षणात कळलं आणि संताप आला. त्या पोरींचा नाही. पोरी हसू आलं म्हणून हसल्या. मी माझ्या आईच्या मयतात हशाची जागा धरून बसले होते.

काकूने त्या पोरींना बाहेर काढलं. हसणं उतरलं. आता पुढचं वाक्य टाकायची वेळ होती आणि माझ्याकडे वाक्य नव्हतं. दूध नाही, मांजर नाही, काहीच नाही. मी आईच्या तोंडाकडे बघत होते. मी कधीही आले की ती दारातच, पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी विचारायची, किती दिन ऱ्हाशी? आणि मी म्हणायची, उद्या शूटिंग आहे, चहा घेते आणि निघते. त्यावर ती कधी वाद घालत नसे. आत जाऊन माझ्यासाठी कुरडया बांधायला घ्यायची.

मी चाल सोडली. साध्या आवाजात, तिच्याशी बोलायची तशी बोलले.

"आते तेरावालगून ऱ्हासू, माय."

तेराव्यापर्यंत राहते, एवढंच सांगितलं. कुणी हसलं नाही. काकू माझ्याजवळ येऊन बसली आणि तिला रडता येईना. दाराशी मोबाइल घेतलेल्या बाईने तो कमरेला खोचला. बाहेर पुरुष मंडळी खोळंबली होती. भावाने उठून उंबऱ्यात जाऊन त्यांना सांगितलं, लेक रडली, आता उचला.